पोर्टेबल एसीचं पाणी कसं काढायचं आणि यंत्र धडधाकट कसं ठेवायचं

पोर्टेबल एसीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'पाणी काढण्याची गरज नाही'. हवा कोरडी असते तोवर हे खरंही असतं. हवेला ओल आली की मात्र ऐन रात्री यंत्र टुणटुण वाजतं, पडद्यावर एखादा कोड लुकलुकायला लागतो, पंखा फिरत राहतो आणि गारवा गायब होतो. बिघाड काहीही झालेला नसतो. पोटातला ट्रे भरलेला असतो, एवढंच. आमचं घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, म्हणून सासूबाईंच्या खोलीत हे चाकांवरचं यंत्र आलं आणि त्याचं पाणी, जाळी, नळी हे सगळं खातं माझ्याकडे. ते सांभाळताना माझं एक मत पक्कं झालंय: या यंत्राची देखभाल म्हणजे जवळपास सगळी पाण्याचीच देखभाल. पाणी कुठे तयार होतं, कुठून जातं आणि कुठे अडतं हे एकदा समजलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

पाणी येतं कुठून

आत दोन कॉइल असतात, बहुतेक यंत्रांत वरची गार आणि खालची गरम. खोलीतली हवा गार कॉइलवरून जाते तेव्हा तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात आणि ते खाली ओघळतात. भिंतीवरच्या एसीत हे पाणी नळीनं सरळ घराबाहेर जातं. पोर्टेबलमध्ये ते खालच्या गरम कॉइलवर पडेल अशी योजना असते आणि तळाच्या ट्रेमध्ये जे साचतं ते एक लहानसं चाक उडवून पुन्हा त्याच कॉइलवर मारतं. पाण्याची वाफ होते आणि मागच्या जाड एक्झॉस्ट पाइपमधून खिडकीबाहेर जाते. म्हणजे त्या पाइपमधून खोलीतल्या उष्णतेबरोबर खोलीतलं पाणीही बाहेर पडत असतं. शिवाय पाणी पडल्यानं गरम कॉइल निवते आणि यंत्राचं काम हलकं होतं. हा फायदा लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आतून येणारा छपछप आवाज त्या चाकाचाच. "अगं, तुझं यंत्र गुळण्या करतंय," असं सासूबाई आतून ओरडून सांगतात आणि त्यांचा कान तिखट आहे. नेहमीची छपछप चांगलीच, पण ती एकाएकी वाढली की ट्रे भरत आला असं आम्ही धरून चालतो.

वाफ करण्याची या व्यवस्थेची ताकद ठरलेली असते. थेंब त्याहून जास्त वेगानं पडायला लागले की ट्रेमधली पातळी चढते, तिच्याबरोबर एक तरंगता खटका वर उचलला जातो आणि तो खटका कॉम्प्रेसर, म्हणजे गारवा तयार करणारा आतला पंप, बंद करतो. पडद्यावर येणारा कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तेव्हा माहितीपुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. रात्री पुस्तिका सापडत नाही.

आता थोडा हिशोब. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. १२ चौरस मीटरची आणि अडीच मीटर उंचीची खोली म्हणजे ३० घनमीटर हवा, म्हणजे पाऊण लिटरच्या आत-बाहेर पाणी. तेही सगळं निघत नाही. खोली २४ अंशांपर्यंत आणि ५० टक्के आर्द्रतेपर्यंत आली तरी जवळपास निम्मं हवेतच राहतं. मग रात्रभरात बादलीभर पाणी येतं कुठून? बाहेरून. ज्या यंत्राला एकच जाड पाइप असतो ते खोलीतलीच हवा घेऊन गरम कॉइल निववतं आणि ती हवा बाहेर फेकतं. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या कडेतून, बाथरूमच्या दारातून आत खेचली जाते आणि तिच्याबरोबर तिची ओलही येते. म्हणून एकपाइपी यंत्राची खोली कधीच पूर्ण कोरडी होत नाही. दोन पाइपांचं यंत्र गरम कॉइलसाठी बाहेरचीच हवा घेतं, त्यामुळे त्याच्याकडे हा त्रास बराच कमी. घ्यायचं अजून ठरायचं असेल तर मी दोन पाइपांच्या बाजूनं मत देईन.

या खेचण्यामुळे आणखी एक धोका असतो आणि तो पाण्याहून गंभीर आहे. धुराडं असलेला गॅस गीझर किंवा शेगडी त्याच बंद जागेत चालू असेल तर धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. दोन्ही एकाच वेळी चालवू नका.

खालचं बूच उघडून पाणी काढणं

बहुतेक यंत्रांना मागच्या बाजूला अगदी तळाशी एक भोक असतं. त्याला बाहेरून आट्यांचं झाकण आणि आत रबरी बूच, अशी दुहेरी राखण असते. ट्रे इथून रिकामा होतो.

आधी यंत्र बटणानं बंद करा, मग प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. कॉइलवर टांगलेले थेंब तेवढ्यात खाली येतात. थांबला नाहीत तर ट्रे रिकामा करून बूच लावल्यावर पुन्हा थोडं पाणी उतरतं आणि वाटतं की काम नीट झालंच नाही. भरलेलं यंत्र ढकलत बाथरूममध्ये न्यायचा मोह आवरा. उंबऱ्यावर चाक आपटलं की ट्रेमधलं पाणी हिंदकळतं आणि आत जिथे जाऊ नये तिथे, म्हणजे वायरिंगवर उडतं. न्यायचंच असेल तर दोघांनी, सरळ धरून आणि सावकाश.

खरी अडचण पुढे आहे. आमच्या यंत्राचं भोक जमिनीपासून जेमतेम चार सेंटीमीटरवर आहे. तिथे बादली जात नाही, तांब्या जात नाही. पसरट परात किंवा उथळ ट्रे सरकवता येतो, पण तो लगेच भरतो आणि भरलेली परात वाकून उचलताना निम्मं पाणी जमिनीवर सांडतं. त्यावर आमची पद्धत अशी. फूटभर लांबीचा नळीचा तुकडा कायम यंत्राच्या मुठीला बांधून ठेवलाय. झाकण काढायचं, बूच सैल करायचं, अंगठ्यानं भोक दाबून धरत बूच बाहेर घ्यायचं आणि त्या जागी नळी घट्ट बसवायची. नळीचं दुसरं टोक परातीत. परात भरली की टोक ट्रेमधल्या पाण्याच्या पातळीहून वर उचलायचं, पाणी थांबतं. दुसरी परात सरकवायची, टोक खाली. सगळं मिळून लिटर-दीड लिटर निघतं, त्यात घाई करण्यासारखं काही नाही. खाली जुनं फडकं अंथरून ठेवा.

धार थांबली की यंत्र भोकाच्या दिशेनं अगदी जरासं कलतं करा, दोन बोटं उंचीचं, आणि पुन्हा सरळ. कोपऱ्यातलं उरलंसुरलं येतं. जास्त कलंडवू नका आणि आडवं तर मुळीच करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल भलत्या नळ्यांत शिरतं.

रबरी बूच काढल्याक्षणी खिशात टाका. खाटेखाली घरंगळलेलं बूच शोधताना भोकातून थेंब टपकत राहतात. परत लावताना बुचाची आणि आत वॉशर असेल तर त्याची कड बोटानं चाचपून पाहा. तिथे केस, धूळ किंवा बुळबुळीत थर राहिला तर बूच घट्ट वाटतं आणि तरीही झिरपतं. लावून झाल्यावर भोक कोरडं पुसा, खाली कागदी रुमाल ठेवा आणि यंत्र सुरू करून पंधरा मिनिटांनी तो रुमाल बघा. झिरप असेल तर कागद लगेच सांगतो.

ट्रे रिकामा झाल्यावरही कोड तसाच राहिला तर प्लग काढून पाच मिनिटांनी पुन्हा लावा. यंत्र सुरू केल्यावर गारवा लगेच येत नाही, कारण कॉम्प्रेसरला बंद-चालूमध्ये साधारण तीन मिनिटांचं अंतर ठेवण्याची सोय आत केलेली असते. तेवढ्या वेळात रिमोट दाबत बसू नका.

नळी कायमची लावायची असेल तर

ओलसर हवेच्या दिवसांत रोज वाकून बूच काढण्यापेक्षा सतत वाहती नळी बरी. बऱ्याच यंत्रांना खालच्या भोकाखेरीज वरच्या अर्ध्या भागात आणखी एक भोक असतं. तिथून गार कॉइलचं पाणी ट्रेमध्ये पडण्याआधीच बाहेर काढता येतं. उंचीवर असल्यामुळे नळीला उतार आपोआप मिळतो आणि बादली खाली सहज मावते. तुमच्या यंत्राला ते भोक आहे का आणि थंड करण्याच्या मोडमध्ये ते वापरायचं की फक्त ड्राय मोडमध्ये, हे पुस्तिकेत बघून घ्या. यात कंपन्यांचं एकमत नाही.

आता मघाचा तो फायदा आठवा. वरूनच सगळं पाणी काढून घेतलं की गरम कॉइलला मिळणारं पाणी बंद होतं आणि यंत्राला थोडं जास्त राबावं लागतं. म्हणून कोरड्या दिवसांत मी वरचं बूच लावूनच ठेवते. यंत्राला स्वतःचं पाणी वापरू देते. हवा दमट झाली, रात्री कोड दिसायला लागला, की नळी लावते. वर्षभर नळी लटकवून ठेवणं आळशीपणाचं आहे आणि वर्षभर न लावणं हट्टीपणाचं.

नळी घेताना भोकाच्या तोटीचा बाहेरचा व्यास पट्टीनं मोजून न्या. आमची तोटी १६ मिलिमीटरची आहे, तुमची वेगळी असेल. अंदाजानं आणलेली नळी एकतर बसत नाही किंवा बसते आणि कडेनं गळते. नळी पारदर्शक घ्या. आत शेवाळ धरलंय का, पाणी कुठे अडलंय, हे बाहेरून दिसतं. नवी नळी कडक असते. तिचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरलं की मऊ होतं आणि तोटीवर सरकतं. वर क्लिप लावा. नाहीतर रात्री कुणाचा तरी पाय अडकतो आणि नळी निसटते.

उताराच्या बाबतीत तडजोड चालत नाही. नळी यंत्रापासून टोकापर्यंत सतत खाली गेली पाहिजे. मध्ये उंबरा आला, गालिचाची कड आली, वेटोळं झालं, की तिथे पाणी थांबतं, मागे हवा अडकते आणि नळी लावलेली असूनही ट्रे भरतो. लांब नळी गुंडाळून ठेवण्यापेक्षा कापून आखूड करा. टोक बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. बुडालेल्या टोकामुळे हवा कोंडते आणि धार अडखळते. बादली रात्रभराला पुरेल एवढी मोठी घ्या. बादली भरली तर यंत्राला ते कळत नाही, ते जमिनीवर पाणी सोडत राहतं. तरंगता खटका फक्त ट्रेवर लक्ष ठेवतो. जमलं तर टोक बाथरूमच्या जाळीपर्यंत न्या, पण दाराच्या फटीतून नळी नेताना ती चेपत नाही ना ते बघा.

ज्यांच्या यंत्राला एकच, तळाचंच भोक आहे त्यांना उतार मिळवायला यंत्र उचलावं लागतं. आमच्या दिरांनी त्यांच्याकडे लाकडी फळ्यांचा वीतभर उंचीचा बुटका चौथरा केलाय, कडांना पट्ट्या मारून, म्हणजे चाकं घसरत नाहीत. यंत्राचं वजन पंचवीस-तीस किलो आणि वर त्याची थरथर, तेव्हा स्टूल, खोके, विटांचा ढीग असले प्रकार नकोत. चौथराही नको असेल तर एसीच्या पाण्यासाठीचा लहान पंप मिळतो. त्याच्या डबीत पाणी जमलं की तो आपोआप सुरू होऊन पाणी वर ढकलतो. तो मात्र साफ ठेवावा लागतो, नाहीतर त्याचाच खटका चिकटतो.

ड्राय मोडचं गणित वेगळं आहे. हवा गार नको, फक्त कोरडी हवी असते तेव्हा अनेक यंत्रांत जाड एक्झॉस्ट पाइप काढून ठेवायला सांगतात. अशा वेळी पाण्याची नळी लावणं भागच आहे, कारण गरम कॉइलवरून उडालेली वाफ आता खिडकीबाहेर न जाता परत खोलीतच येणार. खोली थोडी गरमही होते. घरात वाळत घातलेल्या कपड्यांसाठी हा मोड उत्तम, झोपायला नाही.

पाणीच कमी होईल असं बघा

यासाठी करायचं काम यंत्राबाहेरचं आहे आणि ते बहुतेक जण टाळतात. दाराखाली कापडी गुंडाळी ठेवा. बाथरूमचं दार लावून घ्या, नाहीतर तिथली ओल आणि वास दोन्ही खोलीत ओढले जातात. खिडकीत बसवलेल्या पट्टीच्या कडांना फोमची पट्टी चिकटवा. ओले कपडे त्या खोलीत नकोत, यंत्र लावायच्या तोंडावर फरशी पुसणंही नको. एकपाइपी यंत्रात हवा कुठून तरी येणारच, पण ती घरातल्या कोरड्या, सावलीतल्या खोलीकडून येऊ दिलेली बरी. भर पावसातल्या खिडकीतून नको.

जाड पाइप जितका आखूड आणि सरळ तितका चांगला. दुसरा जोडपाइप लावून तो लांबवू नका. हवेला अडथळा झाला की गरम कॉइल निवत नाही आणि वाफही नीट बाहेर पडत नाही. पाइप मध्ये झोळीसारखा लोंबत असेल तर त्या खळग्यात वाफेचं पुन्हा पाणी होऊन साचतं. आठवड्यातून एकदा पाइप हलवून आत डचमळतंय का ते ऐका.

जाळी आणि कॉइल

जाळी दोन आठवड्यांतून एकदा धुवायची, घरात कुत्रा-मांजर असेल किंवा रस्त्याची धूळ येत असेल तर दर आठवड्याला. पोर्टेबल एसीला जाळ्या बहुधा दोन असतात, वरच्या कॉइलची आणि खालच्या कॉइलची. वरची सगळे धुतात, खालची मागच्या बाजूला असल्यामुळे विसरतात आणि जमिनीलगतची सगळी धूळ तिच्यावरच बसते. आधी कोरडी झटका, मग धुळीच्या उलट्या बाजूनं पाण्याची धार सोडा. धुळीच्याच बाजूनं सोडलीत तर ती जाळीत आणखी रुतते. पाणी कोमट चालेल, ४० अंशांहून गरम नको. वाळवायची सावलीत, उन्हात प्लॅस्टिकची चौकट वाकते आणि मग खाचेत बसत नाही. ओली जाळी परत लावू नका. ज्या यंत्राला काळी कार्बनची जाळी असते ती मात्र धुवायची नसते, मुदत संपली की बदलायची.

जाळी तुंबली की गार कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल गोठते, तिच्यावर बर्फ धरतो. यंत्र चालूच असतं, हवा येईनाशी होते. थोड्या वेळानं बर्फ वितळतो आणि एकदम एवढं पाणी उतरतं की ट्रे भरून कोड येतो. लोक मग पाण्याच्या नळीला दोष देत बसतात. बर्फ दिसला तर खरवडू नका. थंड करणं बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, पूर्ण वितळू द्या आणि मग जाळी बघा. जाळी स्वच्छ असूनही बर्फ परत आला तर गॅस कमी झालेला असू शकतो, आणि ते काम मेकॅनिकचं.

कॉइलच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर धूळ दिसली तर प्लग काढून मऊ ब्रशनं पात्यांच्याच दिशेनं, वरून खाली झाडा. व्हॅक्युम क्लीनरला मऊ केसांचं तोंड असेल तर उत्तम. आडवा हात मारला की पाती दुमडतात. हातमोजे घाला, ती पाती बोटं कापतात.

कुबट वास आला तर

ट्रे अंधारा, ओला आणि धूळ झिरपत राहणारा. अशा जागी बुळबुळीत थर धरणारच. वास यायला लागला की आधी ट्रे रिकामा करा. मग प्लग काढलेला असतानाच, चटणीची असते तशा दाबायच्या बाटलीत कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब घेऊन खालच्या भोकातून ते हळूहळू आत सोडा. पाव लिटर पुष्कळ झालं. बूच लावून दहा मिनिटं थांबा, परत काढा. पहिल्यांदा जे येतं ते बघवत नाही. साध्या पाण्यानं हेच पुन्हा पुन्हा करा, निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. वरून जाळीतून पाणी ओतायचं नाही, तिथे वायरी आणि मोटर असते.

ब्लीच वापरू नका. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं दोन्ही त्यानं झिजतात. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर त्याहून वाईट. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू तयार होतो, तो बंद खोलीत जिवावर बेततो. 'दोन्ही घातलं की जास्त साफ होतं' असं कुणी सांगितलं तर त्या माणसाला स्वच्छतेच्या कामातून मुक्त करा.

वास येऊ नये यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय: थंड करणं बंद केल्यावर अर्धा तास नुसता पंखा चालू ठेवायचा. कॉइल कोरडी होते. आमच्याकडे सकाळी सासूबाई उठल्या की त्याच रिमोटवर फॅन मोड लावतात आणि अंघोळीला जातात. परत येईपर्यंत काम झालेलं असतं.

निघालेलं पाणी फरशी पुसायला, शोभेच्या झाडांना चालतं. दिसतं नितळ, पण कॉइलवरची धूळ आणि ट्रेमधले जंतू घेऊन आलेलं असतं. पिण्याला नाही, जनावरांना नाही, वाफाऱ्याच्या यंत्रातही नाही.

गळती आणि खोटे कोड

ट्रे भरलेला नसताना जमिनीवर पाणी दिसलं तर आधी बूच आणि वॉशर, मग नळीचा सांधा, मग यंत्र सपाट जागेवर आहे का. पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा, बुडबुडा कडेला पळतो का. एवढं सगळं ठीक असूनही पाणी येत असेल तर ट्रेला चीर गेलेली असू शकते. याउलट ट्रे कोरडा असूनही कोड येत असेल तर तरंगता खटका बुळबुळीनं वरच चिकटलाय. वर सांगितलेल्या साबणाच्या पाण्यानं तो बहुतेक वेळा सुटतो.

एका मेकॅनिकनं आम्हाला सुचवलं होतं की खटक्याच्या दोन वायरी एकत्र जोडून टाकू, कोड कायमचा जाईल. कोड जाईल, पाणी जाणार नाही. ते विजेच्या भागांपर्यंत चढेल. अशा माणसाला चहा पाजून परत पाठवावं.

घरी न करण्याच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या खरोखरच करू नका. गॅसच्या नळ्यांना हात लावायचा नाही. अनेक पोर्टेबल यंत्रांत आर-२९० म्हणजे प्रोपेन भरलेला असतो, तो पेट घेतो. आर-३२ सुद्धा सौम्य ज्वालाग्राही आहे. मागच्या पट्टीवर कुठला गॅस आहे ते छापलेलं असतं, एकदा वाचून ठेवा. प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्येच, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. यंत्र तासभर चालल्यावर प्लगला हात लावून बघा: कोमट ठीक, चटका बसत असेल तर बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओल्या हातानं प्लग काढू नये हे सांगायची गरज नसावी, पण पाणी काढायच्या कामात हात ओले होतातच. म्हणून प्लग आधी काढायचा, बूच नंतर.

हलवताना आणि हंगाम संपल्यावर

घर बदलताना किंवा गाडीतून नेताना आधी ट्रे पूर्ण रिकामा करा आणि यंत्र उभंच न्या. नाइलाजानं आडवं न्यावं लागलं तर पोहोचल्यावर उभं करून एक दिवस तसंच राहू द्या, तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरायला वेळ लागतो. मगच प्लग लावा.

हंगाम संपला की कोरडा दिवस निवडा. खालचं बूच काढून ट्रे रिकामा करा, वरचं भोक असेल तर तेही उघडून बघा. नंतर बुचं लावून चार-पाच तास नुसता पंखा. जाळ्या धुऊन, वाळवून परत जागेवर. जाड पाइप काढून आतून-बाहेरून पुसा आणि उभा किंवा सैल आडवा ठेवा. वर सामान रचलं तर पाइप चेपतो आणि ती घडी परत सरळ होत नाही. पाण्याची नळी नळाखाली धरून धुवा आणि एका टोकानं टांगून निथळू द्या. आत काळे डाग राहिले असतील तर फेकून द्या, नळी स्वस्त असते. वायर यंत्राभोवती करकचून गुंडाळू नका, सैल वेढे घेऊन मुठीला अडकवा.

खालचं भोक दोन दिवस उघडं ठेवा म्हणजे ट्रे पूर्ण वाळेल आणि मग आठवणीनं बूच लावा, कारण उघड्या भोकातून झुरळं आणि मुंग्या आत बस्तान मांडतात. वर जुनी चादर टाका. प्लॅस्टिकमध्ये बांधलं तर उरलेली ओल आतच कोंडते. पुढच्या वेळी सुरू करायच्या आधी जाळ्या एकदा झटका, बूच चाचपा, खाली कागदी रुमाल ठेवा आणि पहिला अर्धा तास खिडकी उघडी ठेवून नुसता पंखा चालवा.